गुडघ्याच्या आतलं अस्तर

हा आजार कॅन्सर नव्हता, आणि मी माझ्या पायांनी चालते आहे. एवढं आधी सांगून टाकते. ज्यांच्या गुडघ्यातून डॉक्टरांनी काळपट पाणी काढलं आणि घरी येऊन ज्यांच्याकडे रडारड झाली, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. रडून झालं असेल तर वाचा.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे डॉक्टरी भाषा मला येत नाही. मला जसं समजलं तसं सांगते.

मी धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून लग्न लागेपर्यंत धवले गाणारी बाई लागते, तिला धवलारीण म्हणतात. भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारीण उशिरा आलेली चालत नाही. हे काम खाली बसून करायचं. नवरी पाटावर, तिच्यापुढे तांदळाचा चौक, आणि चौकाच्या या बाजूला मी, मांडी घालून. तासन् तास. सासूकडून मी हे शिकले तेव्हापासून असंच केलं. जिला खाली बसता येत नाही, तिने हे काम सोडावं, असं मी स्वतःच लोकांना सांगत आले. हॉलवाले स्टेजवर सोफा मांडायचे, तर मी तो उचलायला लावायची.

आणि माझाच गुडघा गेला.

सूज

गुडघा आधी सुजायचा आणि आपोआप उतरायचा. असं बरीच वर्षं चाललं. सगळे म्हणाले वात आहे. वय झालं की सगळ्याला वातच म्हणतात. निरगुडीचा पाला बांधला, मिठाच्या पुरचुंडीने शेकला. शेकला की बरं वाटायचं, म्हणून मीही वातच धरून चालले.

मग कोन गावाला एका लग्नात बसले ती उठलेच नाही. गुडघा आतून अडकला. दरवाजाची कडी अडकावी तसा. दोघींनी काखेत हात घालून मला उचललं, आणि नवरीची आई म्हणाली, "आजी, पाय झोपला काय?" मी हो म्हटलं. पाय झोपला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलगा, प्रकाश, पनवेलला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने सुई घालून पाणी काढलं. सिरिंजमध्ये आलेलं पाणी कोकमाच्या आगळासारखं होतं, दाट, काळपट लाल. डॉक्टर ते उजेडात धरून बघत राहिला.

"आजी, पडला होतात का कुठे? मार लागला?"

"नाही."

"नक्की?"

"पडले असते तर सांगितलं नसतं का? लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

त्याने एमआरआय करायला सांगितलं आणि एका मोठ्या सर्जनचं नाव लिहून दिलं. मोठ्या डॉक्टरकडे पाठवतात तेव्हा काहीतरी असतं, हे चौथी शिकलेल्यालाही कळतं.

निदान

सर्जन तरुण होता. एमआरआय बघितला, मग आतला एक तुकडा काढून तपासायला पाठवला. त्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी प्रकाश द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डातली ड्युटी बदलून माझ्याबरोबर आला. त्याने नवीन शर्ट घातला होता. वाईट बातमीला नवीन शर्ट कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

सर्जनने मला समजावलं ते असं. ब्लाउजला आतून अस्तर असतं ना, तसं गुडघ्याच्या सांध्यालाही असतं. ते पातळ आणि गुळगुळीत असायला हवं. माझं जाड झालं होतं आणि त्यावर शेवाळासारखे गोंडे वाढले होते. त्यातून रक्त झिरपायचं, म्हणून पाणी तसलं. आजाराचं नाव इंग्रजी चार अक्षरांचं आहे, पी.व्ही.एन.एस.

प्रकाशने विचारलं, "सर, कॅन्सर हाय का?"

"नाही. पण चिवट आहे. काढलं तरी पुन्हा वाढू शकतं. आणि वाढत गेलं तर हाड पोखरतं."

पुढच्या बाजूचं दुर्बिणीने काढता येईल, मागचं चिरून काढावं लागेल, असं तो म्हणाला. मागे नसा आणि रक्तवाहिन्या असतात, तिथे फार खरवडता येत नाही. थोडं राहील.

मी विचारलं, "मला खाली मांडी घालून बसता येईल का?"

"आधी ते काढू या, आजी."

"मी काढायचं विचारलं नाही. बसायचं विचारलं."

त्याने रिपोर्ट खाली ठेवला. मग म्हणाला, "सांगता येत नाही."

हा मला बरा वाटला. खोटं बोलला असता तर दुसरा शोधला असता.

बसायचं मी विचारलं त्याला कारण होतं. प्रकाशच्या मुलीचं, प्रतीक्षाचं, लग्न ठरलं होतं. वैशाखातलं. ती लहान असल्यापासून म्हणायची, "माझ्या लग्नात आजीच धवले गाईल." इतकी लग्नं लावली, आणि माझ्याच घरचं लग्न माझ्या हातून होणार की नाही, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्यापुढे होता. बाकी मरणाबिरणाची भीती म्हणाल तर फार नव्हती.

ऑपरेशन

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं सगळं बधिर केलं. मी जागी होते. मध्ये हिरवा पडदा. पडद्यापलीकडे डॉक्टर काम करत होते आणि फ्लॅटचे भाव बोलत होते. करंजाड्याला घ्यावा की उलव्याला. माझ्या गुडघ्यात हात घालून माणसं उलव्याचं बोलत होती, आणि मला बरं वाटलं. घाबरण्यासारखं काही असतं तर गप्प झाली असती.

मी म्हटलं, "उलव्याला घ्या. करंजाड्याला पाणी तुंबतं."

पडदा थोडा हलला. "आजी, तुम्ही झोपा."

हॉस्पिटलात झोप होत नाही. पहाटे ताप बघायला येतात, मग रक्त घ्यायला, मग खोली पुसायला, आणि डोळा लागला की चहा. गुडघ्यातून नळी काढलेली, तिच्या डब्यात रक्त जमायचं. तो डबा भरतो किती ते बघणं एवढाच उद्योग. दुखतं. दुखत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण गोळी मागितली तर देतात, म्हणून मागा. आमच्या पिढीच्या बायका मागत नाहीत आणि दात आवळून पडून राहतात. त्याचं बक्षीस कुणी देत नाही.

लगेच व्यायाम सुरू झाला. व्यायामवाली मुलगी गोड बोलायची आणि गुडघा वाकवताना मुळीच दया करायची नाही. चांगली होती.

घरी

घरी आल्यावर सगळा भार सुनेवर पडला. निर्मला यार्डातल्या कामगारांना डबे करून देते. सकाळी तिच्या दोन्ही शेगड्या पेटलेल्या असतात, आणि त्यात मी हाक मारायची. पाणी दे, आधार दे, संडासला ने. माझ्यासाठी भोक असलेली खुर्ची आणली. ती धुवायची कामगिरीही तिचीच.

ती माझ्यासारखीच आहे, तोंडावर बोलते. एक दिवस म्हणाली, "आई, आता लग्नं बास करा. तुमचं तुमाला होत नाय, आनि लोकांची लग्नं कसली लावताव?"

"लोकांची नको. प्रतीक्षाचं तरी लावीन."

"कशी? उचलून पाटावर ठेवू?"

"ठेव. उचलायची सवय झालीच हाय तुला."

ती हसली नाही. मग आम्ही दोन दिवस कामापुरतंच बोललो.

निर्णय

टाके सुकल्यावर सर्जनने सांगितलं की मागच्या बाजूला थोडं उरलंच आहे. ते पुन्हा वाढू नये म्हणून रेडिएशन घ्यावं. किरणांनी जाळतात म्हणे, पण भाजत नाही. फक्त गुडघा आणखी ताठर होऊ शकतो.

"नाही घेतलं तर?"

"कदाचित काही होणार नाही. कदाचित पुन्हा वाढेल. मग पुन्हा ऑपरेशन, नाहीतर गुडघा बदलणं."

"बदललेल्या गुडघ्याने खाली बसता येतं?"

"आम्ही बसू देत नाही."

मी घरी येऊन विचार केला. रेडिएशन न घेता जोर लावून व्यायाम केला, तर वैशाखापर्यंत मांडी जमेलही. लग्न उरकू, पुढचं पुढे. मी तसं जेवताना सांगून टाकलं. प्रकाश ताटात बघत राहिला. प्रतीक्षाला बरं वाटलं असावं, पण बापाकडे बघून तिनेही ताटातच बघितलं.

निर्मलाने भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आनि परत झालं तं? परत उचलायचं कोनी? मीच ना? मग मला पन विचारा."

माझ्या पायाचा निर्णय आणि त्यात तिला विचारायचं, हे मला सुचलंच नव्हतं. पण तिचं म्हणणं बरोबर होतं. तिच्या जागी मी असते तर याच्या किती आधी बोलले असते.

"घेते रेडिएशन," मी म्हटलं. "भाकरी करपतेय."

लाइनी

रेडिएशन कॅन्सरच्या इमारतीत होतं. मोठा बोर्ड. गावातल्या कुणीतरी मला तिथे उतरताना बघितलं आणि संध्याकाळपर्यंत माझा कॅन्सर अख्ख्या गावात फिरून आला. पुढच्या महिन्याच्या एका लग्नवाल्यांचा फोन आला, "आजी, तुमाला त्रास नको, आमी दुसरी बघितलीय." मला तसंही जमणार नव्हतंच. पण नाही म्हणायचं माझं मी म्हणणार होते.

तिथे रोज जावं लागायचं, शनिवार-रविवार सोडून. वाट बघायच्या बाकावर पनवेलच्या मोहल्ल्यातल्या रझियाबी भेटायच्या. त्यांना छातीचा कॅन्सर. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमचं कुठं?"

"गुडघा. पण माझा कॅन्सर नाही."

"या अल्ला! मग इथे काय पिकनिकला आलात?"

"गावात कुणाला पटत नाही."

"नका सांगू कुणाला. कॅन्सर म्हटलं की लोक उधार मागत नाहीत. मला तर फार आराम आहे."

हसून हसून माझा नंबर हुकला. पुढे आमचं ठरूनच गेलं, जी आधी येईल तिने दुसरीसाठी भिंतीकडची जागा धरायची. तिथे पंखा लागायचा.

आत काही दुखत नाही. टेबलावर झोपायचं, पाय साच्यात ठेवायचा, हलायचं नाही. सगळे बाहेर जातात, दार बंद होतं, यंत्र गुणगुणतं आणि फिरतं. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात धवले म्हणायची. पुढे पुढे असं झालं की नवरीच्या अंघोळीपर्यंत आले की यंत्र थांबायचं.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. पहिल्या दिवशी गुडघ्यावर पेनाने लाइनी आखतात, फुल्या मारतात. किरण कुठे सोडायचे त्याच्या त्या खुणा. त्या पुसायच्या नाहीत, साबण लावायचा नाही, तेल लावायचं नाही, असं मला बजावून सांगितलं होतं.

निम्मे दिवस झाले असतील, तेव्हा आमच्या भावकीत एका मुलाची हळद होती. मी गायला नाही, नुसती खुर्चीत बसायला गेले. कॅन्सरवाली कशी दिसते ते लोकांना बघू दे म्हटलं. आमच्याकडे हळदीला गेलेलं माणूस कोरडं परत येत नाही. सगळ्या बायका जमल्या, गालाला, हाताला, पायाला हळद फासली. माझी नणंद यमुना पुढे आली. तिचा माझ्यावर जीव आहे, आणि जीव असला की माणूस ऐकत नाही.

"वयनी, गुडघा दाखव."

"गुडघ्याला हात लावू नको. तिथे डॉक्टरच्या खुणा हायत."

"खुणा कसल्या? हळद हाय गो, नवरदेवाची. डॉक्टरपेक्षा जुनी." आणि तिने वाटीभर हळद माझ्या गुडघ्यावर थापली आणि चोळलीही. मी ओरडायच्या आत आणखी दोघी आल्या. हळदीचा हात लागला की पाय मागे घ्यायचा नसतो, हे मीच त्यांना वर्षानुवर्षं शिकवलेलं. मी पाय मागे घेतला नाही.

घरी येऊन निर्मलाने गरम पाण्याने हळद काढली. हळदीबरोबर लाइनीही गेल्या. गुडघा पिवळाधमक, कोरा.

दुसऱ्या दिवशी मशीनवरची मुलगी बघतच राहिली. "आजी, मार्किंग कुठे आहे?"

"हळदीत गेलं."

तिने डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर बाई होती. ती ओरडली नाही, आणि ते जास्त वाईट होतं. सगळं माप पुन्हा घ्यावं लागलं, सीटी पुन्हा, लाइनी पुन्हा. चोळल्यामुळे कातडी लाल झाली होती, ती शांत होईपर्यंत थांबावं लागलं. शिमग्याआधी संपणारं रेडिएशन शिमग्यानंतर संपलं. व्यायामाचे तेवढे दिवस गेले.

यमुनाला कळलं तेव्हा ती घरी येऊन रडली. मी तिला म्हटलं, "रडू नको. गुडघा गोरा झाला." काळा झाला होता खरं तर, किरणांनी.

पाट

रेडिएशन संपल्यावर मी घरातच माप लावलं. आधी पलंगावर बसता यायचं. मग खुर्चीवर. मग स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावर. त्याखाली चौरंग. त्याखाली पाट. रोज सकाळी व्यायाम झाला की खालच्या पायरीवर जाऊन बघायचं.

स्टुलापर्यंत पोचले. चौरंग जमेना. मागून कुणीतरी दोरी ओढून धरल्यासारखा गुडघा थांबायचा. व्यायामवाली म्हणाली, "आजी, आता एवढंच. जास्त जोर लावाल तर बिघडेल."

वैशाख आला होता. मी प्रतीक्षाला बोलावून सांगितलं, "पलीकडच्या गावातली बाई सांग. आवाज बरा हाय तिचा. थोडी घाई करते, तेवढं बघ."

"मला नको ती."

"मला खाली बसता येत नाय, पोरी."

"मग खुर्चीवर बस."

"खुर्चीवर बसून धवले? लोक काय म्हणतील?"

"तू कधीपासून लोकांचं ऐकाय लागलीस?"

निर्मला डबे भरत होती. तिथूनच म्हणाली, "खुर्ची मी आनते. हॉलवाल्यांच्या हलतात."

हळद

घरापुढे मांडव होता. निर्मलाने घरातली लाकडी खुर्ची चौकाजवळ आणून ठेवली आणि हलवून बघितली. मी बसले. उजवा, ऑपरेशनचा पाय पुढे, डावा खाली. तांदळाचं सूप मांडीवर. मला फार उंचावर बसल्यासारखं वाटत होतं. म्हाताऱ्या माझ्याकडे बघत होत्या. त्यातल्या निम्म्या स्वतः खुर्चीवर होत्या, गुडघे धरून, पण त्या बघायलाच आलेल्या होत्या.

प्रतीक्षा पाटावर येऊन बसली. मी सुरू केलं. आवाजाला काही झालेलं नव्हतं. आवाज गुडघ्यातून येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

खाली बसलं की नवरीचा चेहरा आपल्या चेहऱ्यासमोर येतो. आमच्याकडे नवरी मान खाली घालून बसते, तरी खालून तो दिसतो. रडतेय का, झोप येतेय का, पाणी हवंय का, ते बघत बघत मी गाते. आता खुर्चीवरून मला तिचा फक्त भांग दिसत होता. मी दोन कडवी म्हटली आणि अडले. आठवत नव्हतं असं नाही. भांगाला उद्देशून गाता येईना.

तेव्हा प्रतीक्षाने मान वर केली. सरळ माझ्याकडे बघितलं आणि तशीच राहिली.

यमुना मागून कुजबुजली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "मान खाली घाल गो. नवरी हायस."

प्रतीक्षा म्हणाली, "खाली कोन हाय? आजी वर बसलीय."

कुणीतरी हसलं. मी पुढचं कडवं धरलं.

शेवटपर्यंत तिने मान खाली केली नाही. एवढी लग्नं लावली, पण अख्खा वेळ तोंड वर करून बसलेली नवरी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. संपल्यावर ती मान चोळत म्हणाली, "आजी, माझी मान गेली."

"व्यायाम कर," मी म्हटलं. "सुरुवातीला दुखतं."

पुढच्या एमआरआयमध्ये मागचं उरलेलं वाढलेलं नाही असं दिसलं. पुन्हा पुन्हा तपासायला जावं लागणार आहे, आणि मी जाते. मार्गशीर्षात एका लग्नाचं बोलावणं आलं आहे. फोनवर नवरीच्या आईने विचारलं, "आजी, तुमाला काय काय लागेल?"

मी सांगितलं. तांदूळ, नारळ, सूप, आणि न हलणारी खुर्ची. आणि नवरीला सांगून ठेवा, मान वर.